हयात आहेत, पण कसे आहेत?



नोव्हेंबर उजाडला की आमच्या बँकेत पेन्शनरांची रांग लागते. हयातीचा दाखला द्यायचा असतो. आपल्या इंदूरकडे सगळे त्याला ‘जीवन प्रमाणपत्र’च म्हणतात. केंद्र सरकारच्या ८० वर्षांवरील पेन्शनरांना ऑक्टोबरपासूनच तो देण्याची सोय आहे. २०१४ पासून बोटाच्या ठशावर आणि अलीकडे चेहरा दाखवून मोबाईलवरूनही तो देता येतो. तरी पुष्कळ मंडळी रांगेतच येतात, घाम पुसत उभी राहतात, आणि काम झाल्यावरही लगेच निघत नाहीत.

एक निवृत्त शिक्षक दर तिसऱ्या दिवशी पासबुकात एंट्री करून घ्यायला येत. एंट्री काहीच नसे. एकदा गर्दीच्या वेळी मी त्यांना म्हणालो, “काका, पेन्शन महिन्यातून एकदाच येते, मग मधे मधे कशाला येता?” ते “बरोबर आहे” म्हणाले आणि गेले. पुढे दीड महिना आलेच नाहीत. नंतर त्यांच्या मुलाकडून कळले की ते खरगोनहून इंदूरला मुलाच्या फ्लॅटमध्ये राहायला आले होते, आणि दिवसभरात घराबाहेरच्या माणसाशी बोलणे म्हणजे आमचा काउंटर, एवढेच त्यांचे बाहेरचे जग उरले होते. तेवढाही मी बंद केला. त्या दिवसापासून मी कोणत्याही म्हाताऱ्या माणसाला ‘कशाला आलात’ असे विचारत नाही.

सरकार वर्षातून एकदा विचारते, माणूस हयात आहे ना? तो कसा आहे, हे मात्र कोणत्याच रकान्यात विचारलेले नसते. या अंकाचे संपादकीय त्या रिकाम्या रकान्याबद्दल आहे. लिहिणारा डॉक्टर नाही, वाणिज्य शाखेचा साधा पदवीधर आणि बँकेतला लिपिक आहे. पण काउंटरच्या या बाजूला बसून वीस वर्षे जे दिसले आणि स्वतःच्या घरात जे भोगले, ते सांगण्याचा अधिकार त्याला असावा.

‘स्थलांतरित’ हा शब्द आपण स्वतःला लावत नाही. बिहारहून आलेला मजूर स्थलांतरित, झाबुआहून आलेला आदिवासी स्थलांतरित. आपण तर होळकरांच्या काळापासूनचे. अठराव्या शतकात मल्हारराव होळकरांबरोबर, देवास-धारच्या पवारांबरोबर, ग्वाल्हेरच्या शिंद्यांबरोबर आपले पूर्वज माळव्यात आणि उत्तरेत आले. १८१८ च्या मंदसौर तहानंतर होळकरांची राजधानी इंदूरला आली आणि आपली घरेही इथे पक्की झाली. पण एक गोष्ट आपण विसरतो. ते पूर्वज एकटे आले नव्हते. बरोबर भिक्षुक आला, सोनार आला, शिंपी आला, कीर्तनकार आला, आजूबाजूच्या गावचे सोयरे आले. माणसे आली ती वस्तीसकट आली. म्हणून परक्या मुलखात, परक्या बोलीत ती अडीचशे वर्षे टिकली.

आता आपण काय करतो? घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला, वयाच्या सत्तरीत, वस्तीशिवाय एकट्याने हलवतो. देवास, धार, उज्जैन, खरगोन इथून आई-वडिलांना इंदूरच्या फ्लॅटमध्ये आणतो. इंदूरमध्येच रामबाग, जुनी इंदूर, राजमोहल्ला इथला जुना वाडा बिल्डरला देऊन बायपासजवळच्या आठव्या-नवव्या मजल्यावर नेतो. आणि ज्यांची मुले पुण्याला, बंगळुरूला, हैदराबादला नोकरीस गेली, ते इंदूरचे घर बंद करून मुलांमागे जातात. अंतर पाच किलोमीटर असो की दीड हजार, म्हाताऱ्या माणसाचे स्थलांतर सारखेच होते. ओळखीचा रस्ता जातो, नाडी न बघता प्रकृती सांगणारा डॉक्टर जातो, उधारीवर सामान देणारा किराणेवाला जातो, आणि ‘आज दिसला नाहीत’ असे विचारणारा शेजार जातो.

बंगळुरूला गेलेल्या आजीला खाली बागेत बोलायला भाषा नसते, हे सहज समजते. पण पुण्याला गेलेल्यांचे दुःख वेगळे आहे आणि ते कुणी बोलत नाही. तिथे चहूकडे मराठीच असते. तरी आपल्या आजी तोंड उघडत नाहीत, कारण ‘तुमचं मराठी किती हिंदीसारखं!’ म्हणून लोक हसतात. इकडे जन्मभर ‘मराठी लोक’ म्हणून ओळखले गेलो आणि तिकडे गेल्यावर ‘इंदूरवाल्या आजी’ झालो. हसणाऱ्यांच्या मनात वाईट नसते. पण पंचाहत्तरीतल्या माणसाला आपली बोली नव्याने दुरुस्त करता येत नाही, ते फक्त गप्प बसू शकते.

आता घरचे सांगतो. २०१८ मध्ये वडील गेले. आई देवासला एकटी कशी राहणार, म्हणून २०१९ च्या मे महिन्यात आम्ही तिथले घर विकले. आई तेव्हा ७१ वर्षांची होती. कागद मीच तयार केले. बँकेत असल्याने कागदांचे मला भय नाही. सही करायच्या जागी पेन्सिलने फुल्या मारून दिल्या आणि आईने प्रत्येक फुलीवर सही केली. तिला कुणी विचारले नाही, मीही नाही. गाडीत बसताना ती एवढेच म्हणाली, “अरे, दूधवाल्याचा हिशेब राहिलाय.” मी म्हणालो, “पाठवून देईन.” पाठवले नाहीत.

देवासच्या गॅलरीतून टेकडी दिसायची. आमच्या फ्लॅटच्या गॅलरीतून बायपासवरचे ट्रक दिसतात. पहिले सहा महिने आई बरी होती. मग तिने वर्तमानपत्र वाचणे सोडले. पहाटे तीनला उठून बसू लागली. पोटात गुबारा धरतो, पाठ दुखते, तोंडाला चव नाही, अशा तक्रारी सुरू झाल्या. २०२० चा लॉकडाऊन आला आणि उरलेसुरले येणे-जाणेही थांबले. वजन ५४ किलोवरून ४६ वर आले. एका नामांकित दवाखान्यात गॅसच्या गोळ्या, ताकदीच्या गोळ्या आणि झोपेची गोळी मिळाली, आणि वर ऐकायला मिळाले, “वय झालंय, आता असंच चालायचं.” आम्हीही तेच धरून बसलो. खरे निदान पहिल्यांदा माझ्या पत्नीने केले. एका रात्री ती म्हणाली, “तुमच्या लक्षात आलं का? आई हल्ली माझ्यावर रागावतच नाहीत.”

ज्या घरात सासू-सुनेचे खटके बंद झाले म्हणून आनंद व्हावा, त्या घरात ते वाक्य ऐकून माझ्या छातीत धस्स झाले. त्याच सुमारास आई एकदा म्हणाली होती, “आता जगून काय करायचंय?” आपल्याकडे म्हातारी माणसे असे म्हणतातच, म्हणून ते मी कानाआड केले होते. २०२१ मध्ये शेवटी मनोविकारतज्ज्ञाकडे गेलो. जाताना शेजाऱ्यांना सांगितले, डोळे तपासायला चाललो आहोत. आमच्या लहानपणी ‘याला बाणगंगेला पाठवा’ ही शाळेतली नेहमीची थट्टा होती. इंदूरचे मनोरुग्णालय बाणगंगेला आहे, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. ती थट्टा वयाच्या चाळिशीतही माझ्या मानेवर बसलेली होती.

त्या डॉक्टरांनी आईशी मराठीत, आम्हाला बाहेर बसवून, अर्धा तास गप्पा मारल्या. नैराश्य आहे म्हणाले. रक्त तपासले तर बी-१२ जीवनसत्त्वही फार कमी निघाले. औषध सुरू झाले. गुण यायला दीड महिना लागला. डॉक्टरांनी कागदावर आणखी एक गोष्ट लिहून दिली: महिन्यातून एकदा देवासला न्या. पहिल्याच खेपेला आईने दूधवाला शोधून काढला. तो “माँजी, रहने दो” म्हणत होता, तरी तिने ३२० रुपये मोजून त्याच्या हातावर ठेवले. पुढच्या आठवड्यात सकाळी पोहे खाताना ती सुनेला म्हणाली, “ही शेव किती दिवसांची आहे गं? शिळी लागते.” आम्ही दोघे एकमेकांकडे बघून हसलो. आई परत आली होती. पूर्ण बरी झाली असे म्हणणार नाही. दोन वर्षांनी औषध कमी केल्यावर पुन्हा उतरण लागली, पुन्हा चढवावे लागले. पण ती भांडते, वाचते, मंडळाच्या कीर्तनाला येते.

हे घरचे प्रकरण संपादकीयात आणण्याचे कारण असे की ते एकट्या माझ्या घरचे नाही. केंद्र सरकारच्या आरोग्य खात्याने २०१७-१८ मध्ये ४५ वर्षांवरील ७२ हजारांहून अधिक लोकांची देशव्यापी पाहणी करविली. तिच्यात ६० वर्षांवरील दर १०० माणसांत सुमारे ८ जणांत नैराश्याची लक्षणे आढळली. ‘डॉक्टरांनी मला नैराश्य आहे असे सांगितले आहे’ असे म्हणणारे मात्र १०० त एकही भरत नव्हते, प्रमाण ०.८ टक्के होते. बँकेच्या भाषेत सांगायचे तर दहा खात्यांपैकी नऊ खात्यांची वहीत नोंदच नाही. त्याआधी बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय पाहणीतही नैराश्याच्या १०० रुग्णांपैकी सुमारे ८५ जण उपचाराविना होते.

म्हाताऱ्या माणसाचे नैराश्य रडण्यातून क्वचितच दिसते. ते पोटातून, पाठीतून, झोपेतून बोलते. विसरभोळेपणातूनही बोलते, म्हणून कधी नैराश्यालाच स्मृतिभ्रंश समजले जाते, तर कधी खऱ्या स्मृतिभ्रंशाकडे ‘मनाला लावून घेतलंय’ म्हणून दुर्लक्ष होते. थायरॉईड मंद पडणे, बी-१२ कमी होणे, रक्तातले सोडियम उतरणे, यांनीही माणूस असाच मलूल होतो. शाकाहारी घरांत बी-१२ ची उणीव तर फारच आढळते. ही साधी रक्ततपासणी आहे. ती आधी करून घ्यावी. ऐकू कमी येत असेल तर कान तपासून यंत्र घ्यावे. ऐकू न येणारा माणूस आधी बोलणे सोडतो, मग बैठकीत येणे सोडतो. बहिरेपणाकडे दुर्लक्ष केले तर स्मृतिभ्रंशाचा धोका वाढतो, हे आता वैद्यकशास्त्राने मान्य केलेले आहे.

एक इशारा हात जोडून देतो. झोपेच्या गोळ्या केमिस्टकडून चिठ्ठीशिवाय आणून आई-वडिलांना देऊ नका. त्यांची सवय लागते आणि रात्री तोल जाऊन खुब्याचे हाड मोडते. नैराश्यावरच्या औषधांची लोकांना भीती वाटते, पण ती औषधे झोपेच्या गोळ्यांसारखी सवय लावणारी नसतात. त्यांना गुण यायला काही आठवडे लागतात आणि ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकदम बंद करायची नसतात, एवढे लक्षात ठेवावे. आणि कुणी ‘जगून काय करायचं’ म्हणाले तर माझ्यासारखे कानाआड करू नका. जवळ बसून सरळ विचारा, जीव द्यावासा वाटतो का? विचारल्याने तो विचार डोक्यात भरतो, हा गैरसमज आहे; विचारल्याने माणसाला बोलायला वाट मिळते. उत्तर ‘हो’ असेल तर त्यांना एकटे सोडू नका, घरातल्या गोळ्या कुलपात ठेवा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

केंद्र सरकारची ‘टेलिमानस’ ही दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. क्रमांक १४४१६. दिवसरात्र, विनाशुल्क, आणि मराठीसह २० भाषांत ती चालते. वृद्धांच्या इतर अडचणींसाठी, म्हणजे छळ, पेन्शन, कायद्याचा सल्ला यांसाठी १४५६७ ही एल्डरलाईन आहे. हे दोन्ही आकडे मोठ्या अक्षरांत लिहून फोनजवळ चिकटवावेत.

आता राजकारणाचे बोलू, कारण हा प्रश्न घरातल्या प्रेमाने अर्धाच सुटतो. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने सरकारी खर्चाने चालणारी मानसिक आरोग्यसेवा मिळणे हा प्रत्येकाचा हक्क ठरविला. विमा कंपन्यांनी शरीराच्या आजाराप्रमाणेच मनाच्या आजारालाही विमा द्यावा, असेही त्यात लिहिले. ऑक्टोबर २०२४ मध्ये ७० वर्षांवरील सर्वांसाठी, उत्पन्नाची अट न ठेवता, आयुष्मान योजनेखाली ५ लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचे कार्ड आले. चांगली गोष्ट झाली. पण हे कार्ड चालते ते माणूस रुग्णालयात भरती झाल्यावर. नैराश्याचा म्हातारा रुग्ण भरती होत नाही. त्याला महिन्यातून एकदा डॉक्टर, रोजची गोळी आणि ऐकून घेणारा माणूस लागतो. हा सगळा खर्च कार्डाबाहेर राहतो. खुब्याचे हाड मोडले तर सरकार पैसे देते. ते मोडू नये म्हणून जे करावे लागते, त्याला पैसे नाहीत.

रेल्वेचेही तसेच. ज्येष्ठ पुरुषांना ४० टक्के आणि महिलांना ५० टक्के भाडेसवलत होती. मार्च २०२० मध्ये करोनाचे कारण सांगून ती काढली, आणि करोना गेल्यावरही वर्षानुवर्षे बंदच ठेवली. दिल्लीच्या हिशेबात ही बचत असेल. पुण्याहून वर्षातून एकदा इंदूरला येऊन आपली गल्ली, आपली माणसे बघून जाणाऱ्या आजीच्या हिशेबात ते औषध होते.

आणि आपले इंदूर! २०१७ पासून स्वच्छतेत या शहराचे नाव देशात पहिले घेतले जाते, याचा आपणा सर्वांना अभिमान आहे. कचऱ्याची गाडी रोज सकाळी प्रत्येक दारात येते. पुष्कळ म्हाताऱ्या माणसांच्या दिवसातला बाहेरचा पहिला आवाज त्या गाडीचा असतो. जी महापालिका रोज प्रत्येक दारातून कचरा नेऊ शकते, तिला महिन्यातून एकदा सत्तरीपुढच्या माणसाच्या दारात एक आरोग्यसेविका पाठवता येणार नाही का? वस्त्यांमधल्या संजीवनी क्लिनिकमध्ये आठवड्यातला एक ठरलेला दिवस वृद्धांच्या मनाच्या तक्रारींसाठी ठेवता येणार नाही का? इच्छा असेल तर दोन्ही जमेल. २०२२ मध्ये निवडून आलेल्या परिषदेची मुदत २०२७ मध्ये संपते. मते मागायला येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला, तो कोणत्याही पक्षाचा असो, आपल्या मंडळाने हे दोन प्रश्न लेखी विचारावेत आणि त्याचे लेखी उत्तर या पत्रिकेत छापावे, असा माझा प्रस्ताव आहे. खासदारांना रेल्वे सवलतीचा आणि आयुष्मान कार्डाच्या बाह्यरुग्ण खर्चाचा प्रश्न विचारावा. मराठी मतांचा गठ्ठा आपल्याकडे आहे असे आपण गणेशोत्सवाच्या व्यासपीठावर दरवर्षी ऐकतो. तो गठ्ठा आजवर आपण कशासाठी वापरला?

पण दुसऱ्याकडे बोट दाखवताना उरलेली बोटे आपल्याकडे वळतात. आपले मंडळ दरवर्षी ज्येष्ठांचा सत्कार करते. शाल, श्रीफळ, फोटो. मग पुढचे ३६४ दिवस ते ज्येष्ठ कुठे असतात, हे आपल्या सभासद-वहीत नाही. सभागृहाला जिना आहे, कठडा एकाच बाजूला आहे. कार्यक्रम रात्री साडेआठला सुरू होतात, म्हणजे बायपासकडच्या म्हाताऱ्या माणसाने यायचे कसे आणि परतायचे कसे? अध्यक्षांना आणि कार्यकारिणीला विनंती आहे: महिन्यातला एक कार्यक्रम दुपारी चारला ठेवा. सत्तरीपुढच्या सभासदांची वॉर्डवार यादी करा आणि नुकतेच राहते घर बदललेल्यांच्या नावापुढे खूण करा. प्रत्येक खुणेमागे एक तरुण सभासद नेमा. आठवड्यातून एक फोन, महिन्यातून एक भेट. पुण्या-बंगळुरूला गेलेल्या आपल्या माणसांनाही या यादीत ठेवा, कारण गाव सोडल्याने सभासदत्व संपत नाही. याला निधी लागत नाही, ठराव लागतो.

आणि मुला-सुनांना, म्हणजे मलाच, दोन शब्द. घर विकण्याआधी, गाव सोडवण्याआधी, आई-वडिलांना विचारा आणि उत्तरासाठी थांबा. जमल्यास सहा महिने दोन्ही घरे ठेवून बघा. आईच्या नावावरचे सगळेच घाईने स्वतःच्या नावावर करू नका. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात, सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता सांभाळ न झाल्यास परत मिळविण्याची तरतूद आहे, आणि २ जानेवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मध्य प्रदेशातल्याच एका प्रकरणात आईच्या बाजूने निकाल देऊन ती पक्की केली. पण कोणत्याही आईला न्यायालयात जायचे नसते. तिला तिच्या जुन्या गल्लीत जायचे असते, महिन्यातून एकदा. तेवढे नेऊन आणा.

ते निवृत्त शिक्षक अलीकडे पुन्हा बँकेत येऊ लागले आहेत. मीच त्यांच्या मुलाला फोन करून बोलावून घेतले. परवा पासबुक पुढे करून म्हणाले, “एंट्री नसेल, पण बघून घ्या.” मी मशीनला लावून पासबुक परत दिले आणि विचारले, “काका, कसे आहात?” मागे सात माणसे उभी होती. काका चार मिनिटे बोलले. रांगेतले कुणी कुरकुरले नाही.

येत्या सर्वसाधारण सभेत वरचे प्रस्ताव मी मांडणार आहे. आपण यावे, आणि येताना घरातल्या सर्वांत ज्येष्ठ माणसाला बरोबर आणावे. जिन्याशी आम्ही हात द्यायला उभे असू.